सरकारला जाब विचारणारं पद सरकारनेच कसं उभं करायचं? ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांच्या आयोगाबद्दल

१३ जानेवारी २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात एक नवं कार्यालय सुरू झालं. नाव लांबलचक आहे: अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनी बेटांवरच्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी राष्ट्रीय आयोग. काम मात्र थोडक्यात सांगता येतं. देशातल्या मूलनिवासी मुलांच्या बाबतीत केंद्र आणि राज्य सरकारं काय करतात, काय करायचं टाळतात, यावर नजर ठेवायची आणि ते उघडपणे बोलायचं. सुरुवातीला लिल गॉर्डन यांनी प्रभारी आयुक्त म्हणून काम पाहिलं आणि त्याच वर्षी स्यू-अ‍ॅन हंटर पहिल्या राष्ट्रीय आयुक्त झाल्या. हंटर स्वतः वुरुंजेरी समाजाच्या, पेशाने समाजकार्यकर्त्या. व्हिक्टोरिया राज्यात वसाहतकाळापासूनच्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या यूरूक आयोगावरही त्या होत्या.

आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाच्या नजरेत आली नसावी. पण तिच्यामागचा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. ज्या समाजाचा राज्ययंत्रणेवर विश्वास उरलेला नाही, त्या समाजाच्या मुलांची बाजू राज्ययंत्रणेतलंच एखादं पद कसं मांडणार? आणि ते पद खरोखर स्वतंत्र आहे, की पाटीपुरतं, हे कसं ओळखायचं?

आधी आकडे

ऑस्ट्रेलियातल्या एकूण मुलांमध्ये मूलनिवासी मुलं साधारण ६ टक्के आहेत. पण आई-वडिलांपासून काढून सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी किंवा निवासात ठेवलेल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे मूलनिवासी मूल घरातून काढून घेतलं जाण्याची शक्यता इतर मुलांच्या सुमारे दहा पट आहे. बालसुधारगृहांचं चित्र याहून वाईट. तिथे कोंडलेल्या १० ते १७ वयोगटातल्या मुलांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास मूलनिवासी आहेत, आणि नॉर्दर्न टेरिटरीत (राज्याचा दर्जा नसलेल्या उत्तरेकडच्या प्रदेशात) तर जवळजवळ सगळीच.

‘घरातून काढून घेणं’ म्हणजे काय, हे आपल्याकडे चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्या सरकारी यंत्रणेची धाव सहसा कुणाच्या घरापर्यंत जात नाही. नॉर्वे आणि जर्मनीत भारतीय आई-वडिलांची लहान मुलं तिथल्या बाल-संरक्षण खात्याने ताब्यात घेतल्याच्या बातम्या मात्र अनेकांनी वाचल्या असतील. त्या आई-वडिलांची तगमग आठवा. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक मूलनिवासी कुटुंबांनी ती तगमग पिढ्यान् पिढ्या भोगली आहे: आजीला नेलं, मग आईला नेलं, आता नातवंडांच्या दारात गाडी उभी.

साधारण १९१० पासून १९७० पर्यंत अ‍ॅबोरिजिनल मुलांना, विशेषतः ज्यांचा एक पालक गोरा होता अशा मुलांना, सरकारी धोरण म्हणून आई-वडिलांपासून तोडून मिशनमध्ये, अनाथाश्रमांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात ते याच मुलांना. १९९७ मध्ये सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय चौकशीने याचा अहवाल दिला. त्या काळात दर तिघांत एक ते दर दहांत एक इतक्या प्रमाणात मूलनिवासी मुलं काढून नेली गेली असावीत, असा चौकशीचा अंदाज होता. अहवालात ५४ शिफारशी होत्या. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. १९९७ मध्ये सरकारी देखरेखीत असलेल्या मुलांपैकी सुमारे २० टक्के मूलनिवासी होती. अहवाल आला, माफी झाली, शाळांमध्ये माफीचा दिवस पाळला जाऊ लागला, आणि दरम्यान ते प्रमाण दुपटीने वाढलं. आता वंशाचं कारण कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आता कारण असतं दुर्लक्ष, मानसिक छळ, घरातली हिंसा. यातली काही प्रकरणं खरीच गंभीर असतात, मुलाला धोका असतो आणि त्याला तिथून हलवावंच लागतं. पण एका खोलीत आठ माणसं राहतात, घरात फ्रीज नाही, आई शहरात दवाखान्यात गेली आहे, हेही ‘दुर्लक्ष’ या एकाच रकान्यात जाऊन बसतं. गरिबीची शिक्षा मुलाला होते. बाल-संरक्षणावर सरकारं जो पैसा खर्च करतात, त्यातल्या दर १०० डॉलरपैकी जेमतेम १५-१६ डॉलर कुटुंब सावरायला जातात. बाकीचा पैसा तक्रारींचा तपास आणि घराबाहेर ठेवलेल्या मुलांची व्यवस्था यांवर जातो.

एकाच मुलीवर किती सरकारं

राष्ट्रीय आयोगच कशाला हवा, हे समजायचं तर एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नॉर्दर्न टेरिटरीतल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाबाहेरच्या वस्तीत आठ वर्षांची एक मुलगी राहते. घरात अरांडा भाषा बोलली जाते. घर सरकारी मालकीचं, त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी टेरिटरीच्या सरकारकडे, पण घरांसाठीचा बराच निधी कॅनबेराहून, म्हणजे केंद्राकडून येतो. आईला मिळणारा भत्ता केंद्राचा. वस्तीतलं आरोग्य केंद्र समाजाच्या स्वतःच्या संस्थेचं, त्यालाही केंद्राचं अनुदान. शाळा टेरिटरीची. मुलगी शाळेत येत नाही म्हणून कुणीतरी कळवलं, तर तपासाला येणारी अधिकारी टेरिटरीच्या खात्याची. उद्या तिला जवळ ठेवायला घर मिळालं नाही, तर ती दीड हजार किलोमीटरवरच्या डार्विनमध्येही जाऊ शकते, जिथे तिच्याशी अरांडात बोलणारं कुणी नसेल.

या मुलीचं काही बिघडलं, तर जबाबदार कोण? प्रत्येक खात्याकडे आपापल्या पुरतं उत्तर तयार असतं. ऑस्ट्रेलियात बाल-संरक्षण हा राज्यांचा विषय आहे. सहा राज्यं आणि दोन टेरिटरी मिळून आठ कायदे, आठ खाती, आठ वेगवेगळे आकडे.

अशा फटीत मूल अडकलं की काय होतं, हे कॅनडाने पाहिलं आहे. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस क्री या मूलनिवासी समाजाचा मुलगा. १९९९ मध्ये गुंतागुंतीच्या आजारासह जन्मला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्यायला हरकत नाही. पण घरी लागणाऱ्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन्ही सरकारांची घासाघीस सुरू झाली. आंघोळीच्या शॉवरचा खर्च कुणाचा, इथपर्यंत वाद गेला. तो मिटला नाही. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन दवाखान्यातच वारला. घरात त्याला एक दिवसही राहायला मिळालं नाही. ‘आधी मुलाला सेवा द्या, पैशांचा वाद नंतर घाला’ हे तत्त्व पुढे त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ते अमलात यावं म्हणून मूलनिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेला वर्षानुवर्षं मानवाधिकार न्यायाधिकरणात लढावं लागलं. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने निकाल दिला की केंद्र सरकारने मूलनिवासी मुलांशी भेदभाव केला आहे. हे सगळं घडायला एका बिनसरकारी संस्थेची चिकाटी लागली, आणि खटला चालू असताना मुलं मोठी होऊन गेली. एखादं स्थायी, अधिकार असलेलं पद असतं, तर इतका वेळ गेला असता का, हा प्रश्न पडतोच.

समित्या येतात आणि जातात

यावर कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियात चौकश्या काय कमी झाल्या? खरं आहे. कोठडीतल्या अ‍ॅबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय चौकशी आयोगाने, १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्यांनी तपासलेल्या ९९ मृत व्यक्तींपैकी ४३ जण लहानपणी घरच्यांपासून तोडले गेलेले होते. धागा किती सरळ आहे, आणि तो ३० हून अधिक वर्षांपूर्वी कागदावर आलेला आहे.

२०१६ मध्ये डार्विनच्या डॉन डेल आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या सुधारगृहांतली दृश्यं टीव्हीवर दिसली. मुलांवर अश्रुधूर सोडलेला, एका मुलाला तोंडावर बुरखा घालून खुर्चीला बांधलेलं. देश हादरला, लगेच रॉयल कमिशन नेमलं गेलं. २०१७ च्या अहवालात एक शिफारस अशी होती की गुन्ह्यासाठी मुलाला जबाबदार धरण्याचं किमान वय १० वरून १२ करा. नॉर्दर्न टेरिटरीने ते केलं २०२३ मध्ये. २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा १० वर आणलं.

कमिशन अहवाल देतं आणि विसर्जित होतं. शिफारस क्रमांक अमुकचं काय झालं, हे दर वर्षी विचारायला कुणी उरत नाही. विचारतात त्या मूलनिवासींच्या स्वतःच्या संघटना. त्यांतली प्रमुख १९८१ पासून काम करणारी स्नेक ही राष्ट्रीय संस्था. तिने राष्ट्रीय आयुक्ताची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. पण संघटनेला खात्याकडून फाइल मागवण्याचा अधिकार नसतो, आणि तिचं अनुदानही बऱ्याचदा त्याच सरकारकडून येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी धोरणांचा आढावा घेणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने सांगितलं की मूलनिवासींबरोबर २०२० मध्ये केलेल्या राष्ट्रीय करारातली आश्वासनं सरकारांनी बहुतांशी पाळलेलीच नाहीत. त्या करारात एक उद्दिष्ट असं आहे की घराबाहेर ठेवलेल्या मुलांमधलं मूलनिवासींचं जादा प्रमाण २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करायचं. ते कमी होण्याऐवजी वाढत होतं. त्याच आठवड्याभरात पंतप्रधान अँथनी अल्बनीझ यांनी राष्ट्रीय आयुक्त नेमण्याची घोषणा केली. त्याआधी चारच महिने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, संसदेला सल्ला देणारी मूलनिवासींची घटनात्मक संस्था असावी का, यावर सार्वमत झालं होतं आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला होता. तो घाव ताजा असताना ही घोषणा झाली.

राज्यांनी आधी काय करून दाखवलं

नवा आयोग काय करू शकेल याचा अंदाज राज्यांच्या अनुभवावरून येतो. व्हिक्टोरियाने २०१३ मध्ये अँड्र्यू जॅकोमोस यांना अ‍ॅबोरिजिनल मुलांचे आयुक्त नेमलं. देशातलं असं हे पहिलं पद. त्यांनी खात्याबरोबर एक काम हाती घेतलं. राज्यात सरकारी देखरेखीत असलेल्या सुमारे एक हजार मूलनिवासी मुलांचा आढावा घ्यायचा, तोही एकेका मुलाचा. प्रत्येक विभागात बैठक, समोर त्या मुलाची जबाबदारी असलेले अधिकारी, आणि साधे प्रश्न: हे मूल कुठल्या समाजाचं? आजी-आजोबा कोण? भावंडं कुठे आहेत, शेवटची भेट कधी झाली? कायद्याने सक्तीची असलेली सांस्कृतिक योजना, म्हणजे या मुलाची आपल्या लोकांशी नाळ कशी टिकवणार याचा लेखी आराखडा, फाइलीत आहे का?

उत्तरं लाजिरवाणी होती. ६० टक्क्यांहून जास्त मुलं बिगर-मूलनिवासी घरांत ठेवलेली. ज्यांना भावंडं होती त्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त मुलं भावंडांपासून वेगळी. अनेक फाइलींत तो आराखडाच नाही. २०१६ मध्ये अहवाल आला. या कामाची ताकद मला त्याच्या पद्धतीत दिसते. सरासरीच्या आकड्यामागे लपायला जागा राहिली नाही. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला नावानिशी एका मुलाबद्दल उत्तर द्यावं लागलं.

साउथ ऑस्ट्रेलियाचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथे २०१८ मध्ये एप्रिल लॉरी आयुक्त झाल्या, पण पदामागे कायद्याचे पुरेसे अधिकार नव्हते. ते २०२१ मध्ये मिळाले. त्यानंतर त्यांनी मुलं काढून घेण्याच्या आणि ठेवण्याच्या पद्धतीची औपचारिक चौकशी लावली आणि २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. माणूस तोच, कार्यालय तेच. फरक पडला तो कायद्यामुळे.

स्वतंत्र म्हणजे नेमकं काय

इथे गोष्ट जरा किचकट होते, पण कळीचा मुद्दा हाच आहे. राष्ट्रीय आयोग २०२५ मध्ये सुरू झाला तो संसदेच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे. सार्वजनिक सेवा कायद्याखाली गव्हर्नर-जनरलच्या आदेशाने ‘कार्यकारी संस्था’ उभी करता येते, त्या मार्गाने तो आला. मार्ग झटपट आहे, काम लवकर सुरू होतं. पण जे आदेशाने येतं ते आदेशाने जातंही. शिवाय अशा संस्थेला फाइली मागवण्याचे, साक्षीला बोलावण्याचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. गावचा हिशेब तपासायला सरपंचानेच माणूस नेमावा, तपासनिसाला कपाटाची किल्ली मात्र देऊ नये, असा हा प्रकार होतो. तपासनीस कितीही सचोटीचा असो. म्हणूनच स्नेकसारख्या संस्थांनी घोषणेच्या दिवसापासून एकच धोशा लावला: कायदा करा, पूर्ण अधिकार द्या.

मानवाधिकार संस्थांच्या स्वातंत्र्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९३ मध्ये काही निकष मान्य केले, त्यांना पॅरिस तत्त्वं म्हणतात. त्यांचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा. पद कायद्यातून आलेलं असावं. नेमणूक ठरलेल्या मुदतीची असावी आणि मंत्र्याला राग आला म्हणून आयुक्ताला हटवता येऊ नये. पैसा पुरेसा असावा. कुठल्या विषयाची चौकशी करायची हे आयुक्ताने स्वतः ठरवावं, आणि बोलण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. यात मूलनिवासींनी आपली भर घातली आहे: आयुक्त आपल्या समाजाचाच असावा, निवडीत आपलं म्हणणं असावं, आणि मुलांकडून थेट ऐकण्याची व्यवस्था असावी. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. त्यातलं ३० वं कलम मूलनिवासी मुलांचा आपल्या संस्कृतीवरचा, धर्मावरचा, भाषेवरचा हक्क मान्य करतं, आणि १२ वं कलम सांगतं की मुलाच्या बाबतीतला निर्णय घेताना मुलाचं ऐका. सुधारगृहातल्या चौदा वर्षांच्या मुलाने आपलं म्हणणं सांगायचं कुणाला? त्याला कोंडणाऱ्या खात्यालाच?

एक गैरसमजही दूर करायला हवा. असा आयुक्त न्यायाधीश नसतो. कुठलं मूल परत घरी द्या, असा हुकूम तो काढू शकत नाही. राज्यांचे कायदेही बदलू शकत नाही. एकेक तक्रार सोडवत बसण्यापेक्षा तशाच शेकडो तक्रारी का येतात, हे शोधून संसदेसमोर मांडणं हे त्याचं मुख्य काम.

आक्षेप आहेत, आणि सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. ऑस्ट्रेलियात सर्व मुलांसाठीचा राष्ट्रीय आयुक्त २०१३ पासून आहेच, मग हा दुसरा कशाला? याचं उत्तर वरच्या आकड्यांत आहे. ज्या गटाचा प्रश्न दहा पट मोठा आणि कारणं इतिहासात रुतलेली, तो सर्वसाधारण कार्यालयाच्या यादीतला एक विषय होऊन राहिला की मागे पडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आणखी एक कार्यालय, आणखी अहवाल, आणि वस्तीतल्या कुटुंबाला त्यातून काय? मूलनिवासी समाजातूनही हा प्रश्न येतो. अहवालांचा थकवा त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.

आपल्याकडे पाहिलं तर

भारतात २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग झाला, आणि चौकशी करताना त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग तर थेट घटनेच्या ३३८-अ कलमातून आलेला. कागदावर ही चौकट ऑस्ट्रेलियाच्या २०२५ च्या कार्यकारी संस्थेपेक्षा भक्कम आहे. पण आदिवासी मूल या दोन आयोगांच्या मध्ये उभं आहे: एकासाठी ते अनेक मुलांपैकी एक, दुसऱ्यासाठी अनेक आदिवासींपैकी एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासींची संख्या एक कोटी पाच लाखांवर होती. आपल्या आश्रमशाळा आणि ऑस्ट्रेलियातली मुलं काढून घेण्याची पद्धत या सारख्या गोष्टी नाहीत, इथे आई-वडील मुलांना शिकायला स्वतः पाठवतात. पण आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंखे समिती नेमावी लागली, तिचा अहवाल आला, आणि तिच्या प्रत्येक शिफारशीचं पुढे काय झालं हे दर वर्षी विधिमंडळात विचारणारं स्वतंत्र पद आपल्याकडेही नाही. मेळघाटातल्या, नंदुरबारच्या पालकांना ते असावंसं वाटलं, तर त्यात गैर काय?

ऑस्ट्रेलियातल्या या आयोगासाठीच्या कायद्याचं मोजमाप करताना मी तीन गोष्टी शोधेन. राष्ट्रीय आयुक्ताने मागितलेली माहिती राज्यांच्या खात्यांनी देणं बंधनकारक आहे का. अहवाल मंत्र्याच्या टेबलावर न अडकता ठरलेल्या दिवसांत संसदेत मांडला जातो का. आणि प्रत्येक शिफारशीला सरकारने लेखी उत्तर किती महिन्यांत द्यायचं, हे कायद्यात आकड्यात लिहिलं आहे का. तिसरी बाब मसुद्यातून सगळ्यात आधी गळते, कारण तिच्यात तारीख असते. मुलांबाबतच्या त्या उद्दिष्टाची मुदत २०३१ ला संपते. आज घराबाहेर ठेवलेली आठ वर्षांची मुलगी तोवर किशोरवयात पोचलेली असेल.